डागदरांकडे आलेले सहा शब्द

गल्लीतली माणसं त्यांना डागदर म्हणायची. डॉक्टर या शब्दाचा तो अडाणी उच्चार, पण इथे तो जाणूनबुजून केलेला होता. कपड्यावर कसलाही डाग पडू दे, यांच्याकडे न्यावा आणि बरा करून आणावा, म्हणून डागदर. हे नाव मी ठेवलं, असं शेजारचा चष्मेवाला सांगायचा. पण गल्लीत काहीही चांगलं घडलं की ते मीच केलं असं तो सांगत असे, त्यामुळे त्याचं कोणी मनावर घेत नसे.

दुकान लांबट होतं, आगगाडीच्या डब्यासारखं. पुढे काउंटर, मधे वाफेची इस्त्री, मागे खिडकीपाशी डाग काढायचं टेबल. आणि डोक्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत फिरणारी लोखंडी दांडी. बाजूचं चाक फिरवलं की दांडीवरचे हँगर एकामागून एक पुढे सरकायचे. गिऱ्हाईक चिठ्ठी देई, डागदर चाक फिरवत, आणि वाफेच्या पातळ पडद्यातून कोट, साड्या, शाली, शाळेचे गणवेश असे संथपणे चालत येत. डागदरांना ते कपडे कधी रिकामे वाटलेच नाहीत. हा खांदा पाडून चालणारा, हा सारखा खिशात हात घालणारा, ही बाई बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळणारी. बायको म्हणायची, "यांना माणूस समोर आला तर ओळखू येत नाही. त्याचा कोट आला की त्याच्या घरचं सगळं सांगतात."

डागदरांचा हात हलका होता. ज्याच्याकडे ते लहानपणी काम शिकले, त्या म्हाताऱ्याने त्यांना दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. डाग चोळायचा नाही, टिपायचा. आणि हात कधी काढून घ्यायचा ते ओळखायचं. पहिली गोष्ट आठवड्यात येते, दुसरीला आयुष्य लागतं, असं तो म्हातारा म्हणायचा आणि मग पान शोधत खिसे चाचपायचा.

दांडीच्या अगदी शेवटी, भिंतीला टेकून, एक राखाडी लोकरीचा कोट लटकत होता. चाक कितीही फिरवलं तरी डागदर तो पुढे येऊ देत नसत. तो त्यांच्या मुलाचा कोट होता.

मुलगा याच दुकानात वाढला, याच दुकानात कामाला लागला. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका बाईंच्या मोतिया रंगाच्या झग्यावर सरबत सांडून वाळलं होतं. साखरेचा डाग वाळला की दिसत नाही, पण इस्त्रीची धग लागली की पिवळा होऊन वर येतो. मुलाने न पाहता इस्त्री फिरवली. बाई न्यायला आल्या तेव्हा छातीवर हाताएवढा पिवळा नकाशा. डागदरांच्या हातात चहाचा ग्लास होता. गिऱ्हाइकासमोर ते मुलाला म्हणाले, "जन्म गेला या दुकानात, आणि अजून याला डाग दिसत नाही. जा, शेजारी जाऊन डोळे दाखवून ये."

बाई हसल्या. तेवढंच झालं. पण मुलाचा चेहरा धग लागल्यासारखा झाला. तो खुंटीवरचा आपला कोट काढायला वळला. डागदरांना वाटलं, त्याला थांबवावं. त्यांनी हात पुढे केला, तो नेमका ग्लासवाला. सगळा चहा कोटाच्या छातीवर आणि बाहीवर. मुलाने कोटाकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, कोट नीट हँगरला लावला, दांडीवर अडकवला आणि तो बाहेर पडला. पुढे एका मित्राच्या ओळखीने तो परदेशी एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत लागला. जाताना आईशी बोलला, बायकोशी बोलला. वडिलांशी नाही.

आणि त्या दिवशी, मुलाची पाठ वळल्यावर, डागदरांनी जे केलं ते सांगितलं तर गल्लीत कोणाला खरं वाटलं नसतं. त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि कोटावरचा चहा खसाखसा चोळला.

दोन वर्षं ते या डागाच्या मागे होते. घाईत साबण लावला. चहाच्या डागाला साबण लावू नये, तो पक्का होतो, हे ते इतरांना सांगत आले होते. मग वाफ दिली. शेवटी एका दुपारी, मुलाचा फोन झाल्यावर, पेरॉक्साइडची बाटली काढली. डाग गेला नाही, लोकरीचा रंग मात्र गेला. आता तिथे मधे तपकिरी, भोवती पांढुरकं, कडेला चोळून झालेली लव, असं एक विचित्र फूल उमललं होतं. दुसऱ्या कोणाचा कोट असता तर पहिल्याच दिवशी डागदरांनी हात काढून घेतला असता.

सून दुकानात काउंटर सांभाळायची. कपडे घेणं, त्यांना कापडी चिठ्ठी टाचणं, हिशेब, सगळं तिच्याकडे. तिला नवऱ्याकडे जायचं होतं, आणि तिकडे जायला इंग्रजीची परीक्षा द्यावी लागत होती. कागदावर शब्द लिहून काउंटरवर ठेवले तर वाफेने कागद मऊ पडायचा. म्हणून ती उरलेल्या कापडी चिठ्ठ्यांवर न पुसणाऱ्या शाईने शब्द लिहायची आणि रिकाम्या हँगरना टाचून दांडीवर सोडायची. कोणाचाही कपडा काढायला चाक फिरवलं की दोन साड्यांच्या मधून एखादा इंग्रजी शब्द हलत यायचा. ती तो मोठ्याने वाचायची, अर्थ सांगायची आणि पुढे ढकलायची.

एक दिवस तिने एकदम सहा शब्द लटकवले.

"बाबा, हे सहाही एकच सांगतात," ती म्हणाली. "आधीच वाईट झालेलं आणखी वाईट करणं. आणि शिकवणीच्या बाई म्हणतात, कुठला कुठे ते चुकलं की मार्क गेले."

"एका कामाला सहा माणसं?" इस्त्रीमागून डागदर म्हणाले. "त्यांच्याकडे हे काम फार निघतं वाटतं."

"आपल्याकडेही आहेत की. चिघळवणं, आगीत तेल ओतणं, जखमेवर मीठ चोळणं."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "आणि तुझे सासरे."

सून हसू दाबत चाकाकडे वळली. डागदरही हसले, पण वाफेचं पेडल त्यांनी जरा जास्तच वेळ दाबून ठेवलं.

मग ती एकेकाची ओळख करून देऊ लागली. वर्सन हा साधा, घरातला शब्द, कुठेही चालतो. ॲग्रवेट म्हणजे दुखणं वाढवणं, नाहीतर माणसाला चिडवणं. एक्झॅसर्बेट तेच सांगतो, पण मोठ्या लोकांत वावरणारा, वर्तमानपत्रातला. इन्फ्लेम म्हणजे भडकवणं. कंपाउंड म्हणजे एका चुकीवर दुसरी चढवणं, व्याजावर व्याज चढतं तसं. आणि एस्कलेट पायरी पायरीने वर चढणारा, सरकत्या जिन्यासारखा. आपण उभेच असतो, तोच नेतो.

डागदरांना इंग्रजी अक्षरं लागायची, भाषा यायची नाही. पण दुपारच्या सुस्तीत, वाफेत उभं राहून, ते त्या शब्दांकडे कपड्यांकडे बघावं तसं बघू लागले. आणि मग त्यांना ते कपड्यांसकट दिसायला लागले. वर्सन तपकिरी पँटीत, रोज येणारा, दारातूनच "झालं का?" विचारणारा. ॲग्रवेटच्या कोपराला ठिगळ, कारण तो सारखं कोणाला तरी ढोसतो. एक्झॅसर्बेट उंच, काळ्या झग्यातला. त्याला इतकी बटणं की काढून देईपर्यंत बाकीची गिऱ्हाइकं ताटकळतात. इन्फ्लेमबाईंच्या अंगावर लाल शाल. कंपाउंड जाडा, एकावर एक तीन स्वेटर घातलेला, कधी एकटा न येणारा, सगळे नातेवाईक घेऊन येणारा. आणि एस्कलेटच्या बुटांना टाचा, प्रत्येक भेटीत थोड्या उंच झालेल्या.

"बाबा, कपडा जळेल," सून म्हणाली, तेव्हा ते भानावर आले.

मुलगा दर रविवारी दुपारी बायकोला फोन करायचा. आधी आईशी बोलायचा. सुरुवातीला सून दर वेळी फोन डागदरांच्या कानाला लावायची. पहिल्या वेळेसाठी डागदरांनी आठवडाभर एक विनोद तयार करून ठेवला होता. मुलगा हसेल, बर्फ वितळेल, असं त्यांना वाटलं होतं. फोन कानाला लागताच ते म्हणाले, "काय रे, तिथे तरी डाग दिसतात का?"

पलीकडे मशीनची घरघर ऐकू आली. मग मुलगा म्हणाला, "आईला द्या."

पुढच्या खेपेला त्यांनी ठरवलं की नीट समजावून सांगायचं. साखरेचा डाग कसा ओळखावा, उजेडात कापड कसं तिरकं धरावं, आपण रागावलो ते का, गिऱ्हाईक समोर असताना दुकानदाराला कसं वागावं लागतं. मुद्द्यामागून मुद्दा. सांगून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की चूक मुलाचीच होती, हे आपण दुसऱ्यांदा आणि जास्त चांगल्या रीतीने सिद्ध केलं आहे. फोन केव्हाच बंद झाला होता.

मग चष्मेवाला मधे पडला. "तुम्ही नाही बोलायचं. तिसऱ्या माणसाचं ऐकतात पोरं," असं म्हणून त्याने आपल्या दुकानातून परस्पर फोन लावला. तुझा बाप जेवत नाही, कोटाला कवटाळून बसतो, गल्लीभर चर्चा आहे, असं काय काय तिखटमीठ लावून सांगितलं. डागदर तेव्हा दोन वेळा व्यवस्थित जेवत होते. पण गल्लीभर चर्चा आहे हे ऐकल्यावर मुलाने बायकोला एवढंच सांगितलं, "त्यांच्याकडे फोन देत जाऊ नकोस."

तेव्हापासून रविवारी दुपारी डागदर टेबलाशी काही ना काही करत बसत आणि सुनेच्या बाजूचं बोलणं ऐकत. "हो. बरे आहेत. इथेच आहेत." त्या 'इथेच आहेत' नंतर ती क्षणभर थांबायची. त्या थांबण्यावर डागदर आठवडा काढत.

आता ती परीक्षा पास झाली की जाणार. ती गेली की ते थांबणंही जाणार. मग या घरातून त्या घरापर्यंत दोरीच उरणार नव्हती. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे मूग गिळून बसले होते.

परीक्षेच्या आधी दुकानात एक घोळ झाला. शाळेच्या हेडबाई आपला काळा कोट न्यायला आल्या होत्या. बाहेर रिक्षा उभी, सुनेची घाई. कोट रिकाम्या हँगरशेजारी अडकून बसला होता. तिने ओढून काढला, घडी घातली, दिला. हँगरची चिठ्ठी टाचणीसकट कोटाच्या मानेला लागून गेली, ती कोणी पाहिली नाही. दांडीवर सहाचे पाच उरले, हे संध्याकाळी कळलं.

"कुठला गेला?" डागदरांनी विचारलं.

"ॲग्रवेट." सुनेचा चेहरा उतरला होता. "हेडबाईंच्या मानेवर."

"बघ, बाहेर जाऊन काय काय करतोय तो," डागदर म्हणाले. मनातून त्यांना तो कोपरं मारत शाळेच्या जिन्याने चढताना दिसत होता.

दोन दिवसांनी हेडबाई स्वतः आल्या. चिठ्ठी त्यांनी काउंटरवर ठेवली. सून माफी मागायला लागली, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"आधी ऐक. शिक्षकांची सभा होती. वेळापत्रकावरून दोघांचं जुंपलं होतं, आणि मी दोघांनाही झापत होते. चांगली लय लागली होती. उकडलं म्हणून कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला. मागे बसलेल्या चित्रकलेच्या सरांनी मानेवरचा शब्द वाचला. मोठ्याने वाचला."

"अगंबाई," सासूबाई आतून बाहेर आल्या.

"सगळे त्या कोटाकडे बघायला लागले. मी वळून बघितलं, माझ्याच कोटाला माझंच वर्णन लावलेलं. काय बोलणार? बसले खाली. आणि मी गप्प बसले की भांडण मिटतं, हे त्या शाळेला पहिल्यांदाच कळलं." त्या चिठ्ठीकडे बघत राहिल्या. "मला तोंडावर कोणी म्हणालं असतं ना, की बाई, तुमच्यामुळे वाढतंय, तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण ते माझ्याच कोटावर होतं. स्वतःच्या कोटाशी कोण भांडणार?"

त्या गेल्यावर सुनेने चिठ्ठी परत हँगरला टाचली. डागदर बराच वेळ त्या हँगरकडे बघत होते.

सून पास झाली. बोलण्याच्या परीक्षेत तिला एखादी बिघडलेली गोष्ट सांगा म्हणाले, तेव्हा तिने दुकानातल्या डागांविषयी सांगितलं. सहापैकी चार शब्द वापरले. "उरलेले दोन आठवलेच नाहीत," ती म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "घरात विचारायचं होतंस, जिवंत उदाहरण दिलं असतं."

जायचा दिवस ठरला. बॅगा उघड्या पडल्या. सासूबाई दुकानात आल्या आणि दांडीच्या टोकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तो कोट द्या तिच्याबरोबर. तिकडे थंडी असते."

"अजून डाग निघाला नाही."

"दोन वर्षं हेच ऐकतेय. डाग निघेपर्यंत पोराला बाहेरच ठेवणार का तुम्ही?"

"असा कसा देऊ? बघेल तर काय म्हणेल?"

"काय म्हणायचं ते म्हणू दे. काही म्हणेल तरी."

दुपारी दुकान बंद करून डागदरांनी मागचा रंगाचा हंडा गॅसवर ठेवला. हा शेवटचा उपाय होता. जो डाग निघतच नाही, त्यासाठी सगळा कपडाच काळा करून टाकायचा. काळ्यात तपकिरी बुडतं, पांढरंही बुडतं. लव उठलेली तेवढी बोटाला लागेल, डोळ्याला नाही. कोट नवा दिसेल. मुलगा म्हणेल, बाबांनी कोट रंगवून पाठवला. चहाचं नाव निघणार नाही, ग्लासचं नाही, त्या हसण्याचं नाही. हंड्यातलं पाणी अजून गार होतं. कोट मांडीवर घेऊन डागदर टेबलाशी बसले, खिडकीतून तिरकं ऊन आलं, आणि त्यांचा डोळा लागला.

दुकानाचं दार उघडंच होतं जणू. सहा गिऱ्हाइकं आत आली. तपकिरी पँटवाल्याने नेहमीप्रमाणे विचारलं, "झालं का?" त्याच्यामागून कोपराला ठिगळ असलेला, मग काळा झगा सावरत तो उंच गृहस्थ, मग लाल शाल, मग स्वेटरवाल्या जाड्याचे नातेवाईक आणि त्यांच्यामागे तो स्वतः. शेवटी टाचांचा टकटक आवाज.

"चिठ्ठ्या?" डागदरांनी सवयीने विचारलं.

"चिठ्ठ्या कशाला? आमचा कपडा तुमच्या मांडीवर आहे."

ते सगळे टेबलाभोवती जमले आणि आपापला भाग ओळखू लागले, एकाच चादरीत बांधून आलेल्या सामाईक धुलाईतून जो तो आपलं ओळखतो तसे. वर्सन म्हणाला, हे ओलं फडकं माझं. लाल शालवाली म्हणाली, वाफ माझी. जाड्याने साबणही आपला सांगितला आणि त्यावरचं पेरॉक्साइडही. काळ्या झग्यातल्याने आठवडाभर तयार केलेल्या त्या विनोदावर लांबसडक बोट ठेवलं. तो विनोदही, कसा कोण जाणे, कोटावरच होता, बाहीच्या मुडप्यात. ठिगळवाल्याने मुद्देसूद समजावणी उचलून दाखवली. टाचांवाला म्हणाला, "मी चष्मेवाल्याबरोबर आलो होतो."

"पण तुम्हाला बोलावलं कोणी?" डागदरांनी विचारलं.

दुकानदार विसरला की चांगलं गिऱ्हाईक जसं नम्रपणे बघतं, तसं त्यांनी बघितलं. एस्कलेट हळूच म्हणाला, "आम्हाला काळं नका करू. आम्ही ओळखू येणार नाही."

जाग आली तेव्हा गालावर लोकरीचे वळ उमटले होते. हंड्याला उकळी फुटून झाकण वाजत होतं. डागदरांनी उठून गॅस बंद केला. चाक फिरवलं. दांडीवरून एकेक शब्द येत गेला तसा त्यांनी टाचणीसकट काढून घेतला. मग कोट उलटा करून टेबलावर पसरला आणि अस्तराच्या आतून, डागाच्या मागे, एकाखाली एक असे सहाही टाचायला सुरुवात केली. टाचणीचं टोक आत वळवलेलं, छातीला टोचू नये असं.

सून बॅगेसाठी दोरी शोधत दुकानात आली. तिने पाहिलं. जवळ येऊन वाकून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, हा इन्फ्लेम उलटा लागलाय."

"सुलटा कर."

तिने केला. मग कोटाची घडी घातली, बाह्या आत, डाग वर. त्याला झाकायला काही घातलं नाही. जाताना ती म्हणाली, "निरोप काय सांगू?"

डागदरांच्या तोंडाशी पुष्कळ काही आलं होतं. प्रत्येक वाक्य चांगलं होतं, आणि प्रत्येकाच्या मागे एक टाचांचा आवाज होता. "काही सांगू नकोस," ते म्हणाले.

ती गेल्यावर दुकान मोठं झाल्यासारखं वाटलं. काउंटरवर सासूबाई बसू लागल्या, त्यांच्या चिठ्ठ्या कपड्यांना तिरक्या लागत. दांडीच्या टोकाशी एक रिकामा हँगर डुलत राहायचा. पहिला रविवार आला. फोन सासूबाईंना आला, सून पोचली, बरी आहे, थंडी आहे. कोटाचं नाव नाही. डागदरांनी कोपऱ्यातून ऐकलं. त्यांच्या मनात आलं, चष्मेवाल्याला सांगून विचारून घ्यावं का. हा विचार त्यांनी टाचणीच्या टोकासारखा आत वळवला आणि समोरच्या टेबलक्लॉथवरचा डाग टिपत राहिले.

फोन आला तो भलत्याच वारी, भर कामाच्या वेळी. सासूबाईंनी नंबर पाहिला, कानाला लावला, "हं" म्हणाल्या, आणि फोन डागदरांसमोर धरला. डागदरांनी हात पुसले, तरी ते ओलेच राहिले.

"बाबा."

"हं."

पलीकडे मशीनं घरघरत होती. मोठी असणार, इथल्या मशीनच्या दहापट.

"अस्तराच्या चिठ्ठ्या तुम्ही लावल्या?"

"हो."

"हिने सांगितलं असेल लावायला."

"नाही. तिने फक्त एक सुलटी केली."

पलीकडे कोट उलटल्याची सळसळ झाली. मग मुलगा कामाच्या आवाजात बोलला, एका दुकानातला माणूस दुसऱ्या दुकानातल्याशी बोलतो तसं. "ही लव चोळून उठलीय."

"हो."

"साबण लावलात? चहाला?"

"लावला."

"आणि हा पांढरा चट्टा, पेरॉक्साइड ना? लोकरीवर? गरम मारलंत?"

कोमट होतं, असं डागदरांच्या जिभेवर आलं. आणि बाटली जुनी होती. आणि त्या दिवशी तुझा फोन झाला होता, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. सगळे नातेवाईक घेऊन तो जाडा दारात उभाच होता. सासूबाई काउंटरवरून टक लावून बघत होत्या.

"गरम," डागदर म्हणाले.

पलीकडे श्वास सोडल्यासारखं काहीतरी झालं. मशीनचं असेल, किंवा नसेल.

"इथे मी असं केलं असतं तर मला हाकललं असतं." मग जरा थांबून, आवाज न बदलता, "डोळे दाखवून या बाबा. शेजारीच आहे."

दुकानात वाफ हळूहळू वर चढत होती. डागदरांना त्यात मोतिया रंगाचा एक झगा दिसला, त्यातली बाई हसत होती. ते हसू आता त्यांच्याकडे बघून होतं, आणि ते जसं लागायचं तसं लागलं. त्यांनी ते लागू दिलं.

"जातो," ते म्हणाले.

"आत्ता जा. नंबर किती आला ते सांगा मला. रविवारी." आणि मग, मशीन थांबलंय, जावं लागेल, असं काहीसं म्हणून फोन बंद झाला.

डागदरांनी वाफेचं पेडल सोडलं, टेबलावरचा दिवा घालवला. "आलोच," असं बायकोला सांगून ते पायरी उतरले आणि शेजारची पायरी चढले. चष्मेवाला स्टुलावर बसून चष्म्याच्या काचा फुंकत होता.

"या डागदर. मुलाचा काही फोनबिन? मी लावू का परत?"

"नको. डोळे तपास."

"तुमचे? तुम्हाला तर सुईच्या टोकाएवढा डाग दिसतो म्हणतात."

"म्हणतात," असं म्हणून डागदर खुर्चीत बसले आणि त्यांनी हनुवटी पट्टीवर टेकवली. चष्मेवाल्याने दिवा मंद केला. समोरच्या भिंतीवर इंग्रजी अक्षरं उजळली, वरची मोठी, खाली खाली बारीक होत गेलेली. सगळ्यांत खालची ओळ वाफेत उभी असल्यासारखी पुसट होती.

"वाचा," चष्मेवाला म्हणाला. "दिसतं तेवढंच सांगा. अंदाजाने काही बोलू नका."

डागदर वरून वाचू लागले.